पूर्वेच्या भिंतीला ओटा

आत्यासाठी बांधायच्या त्या शिवणखोलीतून मातीबाईला काय काय मिळायचं होतं, ते आधी पाहून घेऊ. एक, प्रशिक्षणाच्या वहीत शेवटच्या पानावर सरांची, म्हणजे ती जिथे शिकाऊ होती त्या आर्किटेक्टची, सही. दोन, त्या सहीच्या जोरावर याच महिन्यात परवान्याच्या परीक्षेला बसायची सोय. तीन, ऑफिसातलं खिडकीजवळचं टेबल. कारण शिकाऊ माणसाला तिथे झेरॉक्सच्या यंत्राशेजारी बसवत, आणि ते यंत्र दर कागदामागे तिच्या मानेवर गरम सुस्कारा टाकत असे. चौथी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती: बाबांचं तोंड एकदा बंद व्हावं. बाबांचं सिमेंटचं दुकान होतं.

आता जाण्यासारखं काय होतं? तीन महिने. परीक्षा तिमाहीला एकदा होई. सही हुकली की पुन्हा तीन महिने शिकाऊ, पुन्हा ते यंत्र, आणि रोज जेवताना समोर बाबांचा हसू दाबलेला चेहरा. त्या मानाने व्यवहार तिला चांगला वाटला. एरवी ती कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सोडत नसे. पण यातला महत्त्वाचा कागद तिने स्वतःच लिहिला होता, त्यामुळे तो वाचायचा राहिला.

मातीबाई हे नाव ऑफिसातल्या दोघा ड्राफ्ट्समननी ठेवलेलं. मुलाखतीला बाकीची मुलं रंगीत चित्रांच्या फायली घेऊन आली होती, ही पिशवीत एक कच्ची वीट घेऊन आली आणि ती तिने थेट सरांच्या काचेच्या टेबलावर ठेवली. टेबलावर चरा उठला तो आजही आहे. सरांनी तिला घेतलं, ते बहुधा चऱ्याची भरपाई वसूल करायला.

सर मातीवर फार सुरेख बोलत. स्थानिक साहित्य, स्थानिक हात, स्थानिक शहाणपण! ऐकणाऱ्याला वाटावं, घरी जाऊन आधी फरशी उखडून टाकावी. बोलत मात्र ते नवव्या मजल्यावरून, चारी बाजूंना काच आणि एसी अठरावर. टेबलावर पेनं ठेवायला एक मातीचा गडू होता. मातीबाई येईपर्यंत ऑफिसात माती म्हणून एवढीच. पण माणूस खोटा नव्हता. ज्या गोष्टीवर प्रेम आहे तिला हात लावायचा राहून गेला, असं पुष्कळांचं होतं.

"एक तरी वस्तू स्वतःच्या नकाशावरून उभी कर," त्यांनी तिला सांगितलं होतं. "कोंबड्यांचं खुराडं असलं तरी चालेल. पण कागदावर जे असेल तेच जमिनीवर दिसलं पाहिजे. तरच सही."

खुराड्याची वेळ आली नाही, कारण आत्या मदतीला आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा शिवणाचा कारखाना होता: सहा मशीन, सहा बाया, कापडाचे गठ्ठे आणि एक इस्त्री.

"इस्त्री लावायची गरजच नाही गं," आत्या म्हणायची. "दुपारी कापड नुसतं टेबलावर पसरलं की घडी आपोआप बसते. बायांचीसुद्धा."

आत्याला पर्यावरणाशी देणंघेणं नव्हतं. तिला गारवा हवा होता, आणि भावाला चिडवायची संधी हवी होती. दोन्ही एका खोलीत मिळत असतील तर ती कशाला सोडेल?

"ताई, तू मातीची खोली बांधणार?" बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "भाऊ सिमेंट विकतो आणि बहीण चिखलात राहते, लोक काय म्हणतील?"

"राहणार नाही, शिवणार. आणि लोकांचं सोड, तुझ्या सिमेंटनं बांधलेली माझी न्हाणीघराची भिंत बघ. दर वर्षी पोपडे धरते."

"तो मिस्त्रीचा हलगर्जीपणा."

"आणि पोती तू दिलेली."

बाबा मुलीकडे वळले. "बघ, आपल्याच घरात खाऊन आपल्याच दुकानाला कुलूप लावायला शिकलीस. बरं, मी आपली दोन पोती पाठवून ठेवतो. हौस फिटली की लागतील."

मातीबाईने विचार केला. खोलीच्या एका कोपऱ्यात चहा करायला, डबे गरम करायला आणि भांडी विसळायला जागा करायची होती. तिथे दिवसभर पाणी सांडणार. "दोन पोती चालतील," ती म्हणाली. "फक्त पाण्याच्या जागेपुरती."

बाबांनी हा अर्धा विजय मानला आणि उरलेला घास खाल्ला.

काम सुरू झालं. मिस्त्री आत्यानेच शोधले. साठी ओलांडलेले, गुडघ्यांनी कुरकुरणारे, आणि तरुणपणी वडिलांच्या हाताखाली माती-चुन्याचं काम केलेले. पुढची चाळीस वर्षं मात्र त्यांनी सिमेंटच थापलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला "मॅडम" म्हटलं. तिने सांगितलं, मॅडम नको. मग ते "ताई" म्हणू लागले, पण आवाज मॅडमचाच राहिला.

मातीची परीक्षा दोघांनी आपापल्या पद्धतीने केली. तिने बाटलीत माती आणि पाणी घालून हलवलं, बाटली सरळ उभी ठेवली आणि वाळू, गाळ, चिकणमाती असे थर बसायची वाट पाहत दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली. मिस्त्रींनी मूठभर माती भिजवून तिचा गोळा केला, कमरेच्या उंचीवरून टाकला, फुटलेले तुकडे पाहिले आणि म्हणाले, "थोडी वाळू कमी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने पट्टीने थर मोजले. वाळू थोडी कमी होती.

"बाटली पण बरोबर सांगते की," मिस्त्री कौतुकाने म्हणाले. "फक्त सावकाश बोलते."

तीही काही नुसतीच पुस्तकी नव्हती. नकाशा काढण्याआधी ती तीन दिवस आत्याच्या मशीनवर बसली होती. शिवता येत नव्हतंच. दोन कॉलर आणि एक बोट खराब केलं. पण मशीनचा खांब उजवीकडे आणि सुई डावीकडे असते, त्यामुळे उजेड डाव्या अंगाने आला तरच टाका दिसतो, हे तिला तिथे कळलं. मग तिने सगळ्या खिडक्या त्या हिशेबाने लावल्या. गरम हवा निघून जायला समोरासमोरच्या भिंतींत वरती झरोके ठेवले. वळचण एवढी पुढे काढली की दुपारचं ऊन भिंतीला शिवणार नाही. सहाही बायांनी आपापली जागा आधीच ठरवून टाकली आणि त्यावरून दोघींचं बोलणंच बंद झालं. खोली चांगली होणार, याची याहून मोठी खूण नसते.

तिचा एक हट्ट मात्र सांगायला हवा. माती इथली, हात इथले, मग शब्द परके कशाला, असा तिचा सवाल होता. त्यामुळे तिच्या नकाशावर प्लिंथ नव्हता, जोतं होतं. प्लास्टर नव्हतं, गिलावा होता. स्लोप नव्हता, उतार होता. ऑफिसातले ड्राफ्ट्समन तिच्या नकाशाला 'व्याकरणाचा पेपर' म्हणत. मिस्त्रींना हे सगळे शब्द कळायचे, वडिलांच्या तोंडून ऐकलेले होते; पण चाळीस वर्षांत जीभ दुसरीकडे वळली होती.

"काका, जोत्याची उंची दोन फूट ठेवायची."

"ठेवली की. प्लिंथ दोन फूट."

"गिलाव्याचा पहिला हात उद्या?"

"उद्याच. प्लास्टर उद्याच."

दोघंही एकमेकांची भाषा समजत होते आणि आपापलीच बोलत होते. काम झकास चाललं होतं.

भिंती झाल्या, छप्पर झालं, आतून-बाहेरून चुना झाला. राहिला फक्त चहाचा कोपरा. तो कुठल्या भिंतीला घ्यायचा ते आत्याचं ठरत नव्हतं. आज दक्षिण, उद्या पूर्व, परवा "तूच सांग गं". म्हणून मूळ नकाशात त्या जागी नुसती तुटक रेघ होती, आणि सांडपाण्याची नळी दोन्हींना चालेल अशी पूर्वेच्या भिंतीच्या दक्षिण टोकाला आधीच काढून ठेवली होती. अखेर एका गुरुवारी सकाळी आत्याचा फोन आला: पूर्व. नेमकं त्याच दिवशी सरांच्या एका स्पर्धेचं काम अंगावर कोसळलं होतं आणि मातीबाईला सहा दिवस झेरॉक्सपाशी हलता येणार नव्हतं. पुढच्या शुक्रवारी सर खोली बघायला येणार होते.

तिने एक चिठ्ठी लिहिली. बाबांचा टेम्पो दोन पोती घेऊन आत्याकडे निघालाच होता, ड्रायव्हरच्या हाती दिली. चिठ्ठी अशी:

'काका, पूर्वेच्या भिंतीला ओटा घ्यायचा. लांबी बारा फूट, रुंदी दोन फूट, उंची अडीच फूट. पाणी बाहेर जाईल असा उतार ठेवा. पुढची कड गोल करा, बायांना लागू नये. शुक्रवारच्या आत हवा.'

आणि खाली सही. तिची.

बुधवारी दुपारी ती धापा टाकत आत्याकडे पोचली. आधी आत शिरली. खोली गार होती, उजेड सहाही सुयांवर डाव्या बाजूने पडला होता, चुन्याचा वास अजून ताजा होता. पूर्वेच्या भिंतीला काहीच नव्हतं. भिंतीतून सांडपाण्याच्या नळीचं तोंड तेवढं बाहेर आलं होतं आणि त्यावर कुणीतरी मोजपट्टी अडकवली होती.

"काका! ओटा?"

"झाला की!" मिस्त्री बाहेरून ओरडले. "या, बघा तरी."

ती बाहेर गेली. वळचणीखाली, पूर्वेच्या भिंतीला बाहेरून टेकून, बारा फूट लांबीचा दगडी ओटा उभा होता. वर चुन्याचा गिलावा, घोटून घोटून लोण्यासारखा केलेला. पुढची कड गोल. पाणी बाहेर जाईल असा अगदी हलका उतार. आणि त्यावर सहाच्या सहा बाया ओळीने बसून, पाय सोडून, डबे खात होत्या.

आजवर ऑफिसात गमतीने मातीबाई म्हणत. आता तिने खरोखरच माती खाल्ली होती.

"काका, हे काय?"

"ओटा."

"अहो, आतला ओटा! स्वयंपाकाचा! चहाचा!"

मिस्त्रींनी हात पुसले, टोपीत घडी करून ठेवलेली चिठ्ठी काढली आणि लांब धरून वाचली. "यात कुठं चहा आहे?"

"ओटा म्हणजे..." ती थांबली.

"ओटा म्हणजे ओटा. घराला असतो तो. माझ्या बापानं आयुष्यभर बांधले. मला तर चिठ्ठी वाचून बरं वाटलं बघा. म्हटलं, या बाया दिवसभर मशीनवर वाकून बसतात, त्यांना घटकाभर पाठ टेकायला जागा पाहिजे, हे पोरीला सुचलं. अक्कल आहे."

"पाण्याचा उतार लिहिलाय की!"

"मग? पावसाचं पाणी भिंतीकडं यायला नको."

"कड गोल कशाला मग?"

"मांड्यांना रुतते."

"आणि अडीच फूट उंची? अडीच फुटांवर कोण बसतं?"

"तेवढं तुमचं चुकलं होतं," मिस्त्री समजुतीने म्हणाले. "ते मी सुधारलं. अडीच फुटांवर चढायला शिडी लागली असती. दीड केला. तुमचं मन दुखू नये म्हणून बोललो नव्हतो."

ओट्यावरच्या बायांनी डबे खाताखाता कान टवकारले होते. एकीने दुसरीला कोपर मारलं.

"काका, सगळीकडे ओट्याला ओटाच म्हणतात. स्वयंपाकघरातल्या."

"घरात म्हणतात. कामावर कोण म्हणतं? मी चाळीस वर्षांत हजार तरी बांधले असतील, एकाही नकाशावर ओटा लिहिलेला बघितला नाही." मिस्त्रींचा आता खरंच गोंधळ झाला होता. "तुम्हाला किचन प्लॅटफॉर्म पाहिजे होता, तर किचन प्लॅटफॉर्म असं सरळ मराठीत का नाही लिहिलं?"

ती ओट्यावर बसली. बसायला तो फारच छान होता, याचा तिला जास्त राग आला.

"सिमेंट कुठे गेलं?" तिने विचारलं.

"आहे तसं आहे. बाहेरच्या ओट्याला सिमेंट कशाला? तुम्हीच सांगता ना, श्वास घेऊ द्यावा भिंतीला."

"आतला दोन दिवसांत होईल?"

"उभा करीन. पण वर आठ दिवस पाणी मारायला नको? शुक्रवारी तुमच्या सरांनी टेकून भाषण केलं तर सरांसकट खाली येईल."

एवढ्यात आत्या आली. तिला वाटलं होतं, हा ओटा म्हणजे भाचीची भेट आहे आणि आतला ती विसरली. खरी हकीकत ऐकून ती इतकी हसली की पाणी मागवावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "हे बघ, फोडायचं नाव काढायचं नाही. तीन दिवस झालेत बायांना इथे बसून, आणि दोघींचा अबोला सुटलाय. आतलं सावकाश कर. चहा मी घरातून आणते."

"पण आत्या, शुक्रवारी सर! कागदावर ओटा आत आहे!"

"कागदावर नुसती तुटक रेघ आहे," आत्या म्हणाली, आणि तिच्याच लक्षात न येता तिने पोरीच्या डोक्यात एक किडा सोडून दिला.

संध्याकाळी घरी बाबांनी तो किडा आणखी मोठा केला. आधी त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन पोती तशीच पडून आहेत हे कळल्यावर थोडे नाराज झाले, आणि मग धंद्यातल्या माणसाचा सल्ला दिला. "नकाशा नवा काढ. ओटा बाहेर दाखव, दीड फूट. कागद आपला, पेन्सिल आपली. जमीन बदलता येत नसेल तर कागद बदलावा. मग चूक राहतेच कुठे?"

"बाबा, हे बरोबर नाही."

"खोटं काय आहे त्यात? ओटा बाहेर आहे की नाही? आहे. दीड फूट आहे की नाही? आहे. मग नकाशा खरा झाला."

जेवणं होईपर्यंत नकाशा तयार होता. काढायला पाऊण तास लागला. हात जराही अडखळला नाही, ही गोष्ट तिला खटकली. एरवी एका खिडकीवर ती तीन दिवस घालवायची. ओट्याशेजारी तिने सुंदर अक्षरात लिहिलं: 'कामकरणींच्या विसाव्याची सामायिक जागा.' सरांना असले शब्द आवडतात, हे तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी सर आले. पॉलिश केलेले बूट घालून आले आणि दारातच काढून ठेवले, कुणी सांगितलं नसताना. आत दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. सर दहा मिनिटं गप्प, ही घटना ऑफिसात कुणी मानली नसती. त्यांनी भिंतीवर तळहात टेकला, झरोक्यांकडे पाहिलं, एका मशीनवर बसून उजेड कुठून येतो ते पाहिलं. पूर्वेच्या भिंतीतल्या नळीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, कारण तिच्यापुढे आत्याने कापडाचा गठ्ठा सरकवून ठेवला होता. आत्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं आत्या म्हणते.

मग सर बाहेर आले आणि ओटा पाहून थबकले. बसले. पाय सोडले. घोटलेल्या चुन्यावरून हात फिरवला आणि त्यांचं भाषण सुरू झालं. आत आणि बाहेर यांच्यामधली जागा, काम आणि विसावा यांच्यामधली जागा, आपण जी काचेच्या इमारतींत हरवून बसलो ती जागा. सहा बाया मशीन थांबवून खिडकीतून ऐकत होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, कळलं काही नाही, पण माणूस तळमळीनं बोलत होता.

"पुढच्या महिन्यातलं माझं सगळं व्याख्यान या ओट्यावर," सर म्हणाले. "नकाशा?"

तिने नवा नकाशा दिला. सरांनी मोजपट्टी घेऊन स्वतः मापं घेतली. लांबी बारा. रुंदी दोन. उंची दीड. तंतोतंत. त्यांनी वही उघडली, शेवटचं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं. मिस्त्री बाजूला चुन्याचे हात घेऊन उभे होते आणि आनंदाने बघत होते, जणू सही त्यांचीच होणार होती.

"एक सांग," पेन कागदाला टेकवता टेकवता सरांनी विचारलं. "उंची दीड फूट. अगदी नेमकी. टेकलो तरी पाय जमिनीला लागतात, उठताना गुडघ्यावर भार येत नाही. हे कुठून काढलंस?"

जागा दाखवली, रेघ दाखवली, नाव दिलं, तोपर्यंत तिला चाललं होतं. पण गुडघे तिचे नव्हते.

"मिस्त्रीकाकांच्या गुडघ्यांवरून," ती म्हणाली. "मी अडीच लिहिले होते."

"अडीच?"

"मला ओटा आत हवा होता, सर. चहाचा. हा चुकून झालाय. हा नकाशा मी परवा संध्याकाळी काढला."

सरांचं पेन वर उचललं गेलं. मिस्त्री लगबगीने पुढे आले. "नाही साहेब, ताईंनी लिहूनच दिलं होतं. बघा ना." आणि मदत म्हणून त्यांनी टोपीतली चिठ्ठी काढून सरांच्या हातात ठेवली.

सरांनी ती दोनदा वाचली. मग खिडकीकडे बघून मोठ्याने वाचली आणि बायांना विचारलं, "तुम्ही काय समजला असतात?"

"आतला," आत्या म्हणाली.

"बाहेरचा," तिसऱ्या मशीनवरची म्हणाली. "चहाला कुणी बारा फूट ओटा बांधतं का?"

"तेच मी म्हणतो!" मिस्त्री म्हणाले.

खिडकीत मतदान सुरू झालं. तीन आत, तीन बाहेर. सर पुन्हा ओट्यावर बसले, चिठ्ठी गुडघ्यावर पसरली आणि अगदी हळू म्हणाले, "मीही बाहेरच बांधला असता. आणि अडीच फूट बांधला असता."

मग त्यांनी वही तिच्या हातात दिली. "या पानावर वर काय छापलंय, वाच."

"'प्रशिक्षणार्थीने स्वतःच्या आराखड्यावरून पूर्ण करून घेतलेले काम.'"

"झालंय?"

तिने भिंतीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, सरांच्या पेनाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "खोली झालीय, सर. काम पूर्ण नाही झालं."

पेनाचं टोपण परत बसलं. तो टक् आवाज तिला झेरॉक्सच्या यंत्रासारखाच ऐकू आला.

"साहेब, असं नका करू," मिस्त्री म्हणाले. "अर्धी चूक माझी आहे. उंची अडीच बघितल्यावर मी फोन करायला पाहिजे होता. मला वाटलं, पोरीला कशाला लाजवा."

"मग अर्धी सही करू का?" सरांनी विचारलं.

मिस्त्रींनी यावर खरंच विचार केला. "करता येत असेल तर करा."

सगळे हसले, सरही हसले, पण वही मिटलेलीच राहिली. जाताना बूट घालता घालता सर तिला म्हणाले, "आतल्याचा नकाशा काढ. काढून झाला की आधी यांना वाचायला दे, आणि हे काय बांधणार आहेत ते यांच्याच तोंडून ऐक. ते ऐकल्याशिवाय माझ्याकडे आणायचा नाही. आणि हा दुसरा कागद," त्यांनी सामायिक जागेचा नकाशा उचलला, "हा मी नेतो. व्याख्यानाला लागेल. फक्त खाली नाव बदलून दे."

तिने तिथेच, ओट्यावर बसून, आपलं नाव खोडलं आणि मिस्त्रींचं घातलं. मिस्त्रींनी ते चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्मा घालून वाचलं, आणि हात पुसून तो कागद स्वतः गुंडाळून सरांना दिला.

आता शेवटचा जमाखर्च. आतल्या ओट्याचे तीन नकाशे झाले. पहिल्यावरून मिस्त्रींनी फळी बांधली असती, दुसऱ्यावरून हौद. तिसऱ्यावर दोघांचं एकमत झालं. बाबांची दोन पोती तिथे खपली आणि त्यांनी ती फुकट दिली, म्हणजे त्यांचं तेवढं गेलं. मुलीच्या हुकलेल्या खिडकीजवळच्या टेबलाबद्दल मात्र ते एक शब्द बोलले नाहीत, आणि एवढी मोठी संधी सोडणं त्यांना पोत्यांपेक्षा जड गेलं असावं. आत्याचं काहीच गेलं नाही, तिला एका चिठ्ठीत दोन ओटे मिळाले. सरांचं एक तयार भाषण गेलं. त्यांना ते नव्याने लिहावं लागलं, आणि त्यात आता मिस्त्री येतात, गुडघ्यांसकट. मिस्त्रींनी दोन वेळा दगड उचलले.

सही तीन महिन्यांनी झाली. ते तीन महिने मातीबाईने भरले, यंत्राशेजारी बसून, एकटीने. मिस्त्री आठवड्यातून एकदा फोन करून विचारायचे, निम्मे माझ्या नावावर लावता येतील का, आणि ती दर वेळी नाही म्हणायची.